आर्ची एक, भाषा दोन

आपल्या सीमाभागात नटनट्यांच्या कामाविषयी वाद घालावयाचा तर एका भाषेत भागत नाही. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यांतील कितीतरी घरांत मराठी नि कन्नड एकाच ओसरीवर नांदतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी होऊन हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. सोयरीक मात्र लातूर-सोलापूरकडे होतच राहिली. म्हणून मराठीतील बोलपट कन्नडात निघाला की रात्रीच्या जेवणानंतर गप्पांना हक्काचा विषय मिळतो.

‘सैराट’ने असा विषय दिला. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. आर्चीची भूमिका करणारी अकलूजची रिंकू राजगुरू तेव्हा शाळकरी मुलगी होती. राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाचा खास उल्लेख झाला. पुढच्याच वर्षी एस. नारायण यांनी तीच कथा ‘मनसु मल्लिगे’ या नावाने कन्नडात आणली, आणि नायिका पुन्हा रिंकूच!

येथे रसिकांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘अहो, ती पोर मुळातच तशी. गावची बोली बोलली, बुलेट हाकली, ट्रॅक्टर चालविला. यात अभिनय तो कसला?’ कन्नडात ती फिकी वाटते, हाच त्यांचा पुरावा. दुसरा तट विचारतो, ‘मग आपल्या गावात एवढ्या बोलक्या मुली आहेत, त्यांतील एकीला तरी कॅमेऱ्यापुढे असे उभे राहता येईल काय?’ आमचे मत दुसऱ्या तटाकडे झुकते. बोली मुखात असणे निराळे आणि परक्या माणसांच्या गर्दीत ती सहज बाहेर पडणे निराळे.

शिवाय तिचे खरे काम उत्तरार्धात आहे. पाटलाची लाडकी लेक हैदराबादच्या झोपडपट्टीत येऊन पडते. भोवतालची भाषा कळत नाही, माहेरची ओढ सुटत नाही. मजुरीसाठी हैदराबादेत राहून आलेले आपल्याकडील लोक हा भाग पाहताना गप्प होतात. मघाशी गावभर घुमणारा आवाज तेथे खाली उतरतो. तो कोणी शिकविला म्हणून उतरत नाही.

शेवटच्या प्रसंगावर मात्र अभिनयाची चर्चा मागे पडते. आर्चीचा भाऊ माणसांसह, आईने पाठविलेल्या वस्तू घेऊन घरी येतो. चहा होतो. पुढे काय घडते ते आपण जाणताच. एखादे काका म्हणतात, ‘मुलीने घर सोडले तेथेच चुकले.’ त्यावर स्वयंपाकघरातून काकू ऐकवितात, ‘आणि सुरी चालविली ती कोणी?’ मग काका पानाचा डबा शोधू लागतात. लग्नाच्या वयाच्या मुली त्या वेळी काही बोलत नाहीत, पण कान देऊन ऐकतात. जातीबाहेरच्या लग्नाचे नाव काढण्याची ज्या घरात सोय नाही, तेथे आर्चीचे निमित्त करून बरेच बोलून होते.

जाता जाता एक गोष्ट. ‘सैराट’चे छायाचित्रण करणारे सुधाकर रेड्डी यक्कंटी हे तेलुगू गृहस्थ, त्यांनीच २०१८ साली ‘नाळ’ दिग्दर्शित केला. त्यातील श्रीनिवास पोकळे यास बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘नाळ २’मधील चिमुकली त्रिशा ठोसर, श्रीनिवास व भार्गव जगताप यांनाही २०२५ साली तोच मान जाहीर झाला.

वृद्ध मंडळींना हे कौतुक अपुरे वाटते. त्यांच्या लेखी १९५३ सालच्या ‘श्यामची आई’तील माधव वझे यांच्या तोडीचा मुलगा अजून झाला नाही. २०२३ साली सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली. आजोबांनी ती नातवंडांसह पाहिली की तुलना ठरलेलीच, आणि त्या वादात वनमालाबाईंचे पारडे अजूनही हलत नाही.