दीर्घ आजाराचं मूल: शाळेत पाठवायचं की घरी ठेवायचं?

जूनमध्ये शाळा उघडतात आणि पावसाबरोबर सर्दी-तापाची साथही येते. घरात एखाद्या मुलाची केमोथेरपी चालू असते, कुणाला मूत्रपिंडाच्या आजारासाठी स्टेरॉइड असतं, कुणाला सिकलसेल, दमा किंवा टाइप १ मधुमेह असतो. अशा घरांत याच दिवसांत वाद होतात. आजी म्हणते, "शाळा काय पळून चाललीय? आधी पोर धड राहू दे." बाबांना वर्ष वाया जाण्याची काळजी असते. दोघांच्याही बोलण्यात मायाच असते, पण या निर्णयाला नेमकी माहिती लागते. तिच्या जागी बऱ्याचदा ऐकीव समजुतीच असतात. त्यांतल्या सहा इथे तपासून पाहू.

गैरसमज १: आजार गंभीर आहे, म्हणजे शाळा बंदच

वस्तुस्थिती: नुसत्या आजाराच्या नावावरून काही ठरत नाही. मूल आज उपचाराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, ते पाहावं लागतं. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियाचे, म्हणजे एएलएलचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. पहिल्या काही महिन्यांत औषधं जोरदार असतात आणि पांढऱ्या पेशी खाली जातात. तेव्हा घरी राहणंच योग्य असतं. पुढच्या 'मेंटेनन्स'च्या लांब टप्प्यात मात्र बरीच मुलं डॉक्टरांच्या संमतीने शाळेत जातात. रक्ताच्या अहवालातला 'एएनसी', म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, इथे महत्त्वाचा. तो ५०० च्या खाली गेला की संसर्गाचा धोका फार वाढतो.

नेफ्रॉटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलाच्या आईला हे टप्पे रोज डोळ्यांनी दिसतात. सकाळची पहिली लघवी, तीत बुडवलेली प्रथिनं तपासायची पट्टी, पिवळ्यावरून हिरवट होत जाणारा तिचा रंग आणि वहीत तारखेपुढे लिहिलेली खूण: निल, एक प्लस, दोन प्लस. सलग तीन दिवस तीन प्लस आलं, तर आजार उलटला असं समजतात. सर्दी-खोकल्याने तो उलटू शकतो, हे खरं. पण वहीत आठवडेच्या आठवडे 'निल' असेल, सूज नसेल आणि औषधाचा डोस उतरणीला लागला असेल, तर अशा मुलाला केवळ भीतीपोटी घरी ठेवण्याचं कारण बहुधा उरत नाही. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी. शाळेचा निर्णय तिच्या आधारे घेता येतो.

दमा, मधुमेह किंवा फिटचा आजार यांची गोष्ट वेगळी. तिथे मुख्य प्रश्न असा, की अचानक काही झालं तर शाळेत कुणाला काय करायचं ते माहीत आहे का?

गैरसमज २: घरी ठेवलं की संसर्गाची भीती नाही

वस्तुस्थिती: मूल घरी असलं तरी त्याचा भाऊ शाळेत जातो, बाबा लोकलने प्रवास करतात, पाहुणे 'बघायला' येतात. शाळा बंद करून मुलाला लग्नाच्या हॉलमध्ये नेलं, तर साधलं काय?

घराचं खरं संरक्षण घरातल्या इतरांच्या लसीकरणात आहे. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि ती सहा महिन्यांवरच्या सर्वांना घेता येते. गोवर-रुबेलाची लस सरकारी कार्यक्रमात आहे, कांजिण्यांची खाजगीत घ्यावी लागते. प्रतिकारशक्ती दबलेल्या मुलाला स्वतःला मात्र जिवंत विषाणूंच्या लशी, म्हणजे गोवर-रुबेला, कांजिण्या किंवा तोंडावाटे द्यायची पोलिओची लस, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. घरातल्या धाकट्या भावंडाला पोलिओचे थेंब द्यायचे की इंजेक्शन, हेही आधी विचारावं. पल्स पोलिओच्या रविवारी हा मुद्दा हमखास विसरला जातो.

गैरसमज ३: वर्गात कुणाला कांजिण्या आल्या, तर आठवडाभर घरी ठेवलं की झालं

वस्तुस्थिती: ही समजूत सगळ्यांत धोक्याची आहे. कांजिण्यांचा फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच ते मूल इतरांना संसर्ग देत असतं. गोवरात तर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून. म्हणजे बातमी कळते, तोवर संपर्क होऊन गेलेला असतो. कांजिण्या संपर्कानंतर दहा ते एकवीस दिवसांत कधीही उमटू शकतात, त्यामुळे आठवडा बिनधोक गेला म्हणून निर्धास्त होता येत नाही.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला कांजिण्यांच्या संपर्कानंतर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन किंवा विषाणूविरोधी औषध देता येतं. इंजेक्शनचा उपयोग दहा दिवसांच्या आत होतो, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. गोवराच्या संपर्कानंतर अशा मुलाला प्रतिपिंडं सहा दिवसांच्या आत द्यावी लागतात. "बघू, काही झालं तर जाऊ," असं म्हणत बसलं, की ही मुदत हातची निघून जाते.

२०२२ मध्ये मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, गोवराचा मोठा उद्रेक झाला होता. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. त्यामुळे 'माझं मूल त्याच्या शेजारी बसत नाही' या दिलाशाला अर्थ नाही.

हे सगळं शाळेच्या एका फोनवर अवलंबून असतं. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षकांना सांगून ठेवावं: वर्गात कांजिण्या, गोवर किंवा गालगुंडाचं मूल आढळलं, तर आम्हाला त्याच दिवशी कळवा. आणि इतर पालकांनाही कळकळीची विनंती: फोडांवर खपली धरेपर्यंत आपलं मूल शाळेत पाठवू नका. शेजारच्या बाकावर कोण बसलंय, त्याच्या अंगात काय चाललंय, हे आपल्याला ठाऊक नसतं.

गैरसमज ४: अंग जरा गरम आहे, गोळी देऊन पाठवू, नाहीतर आज घरी राहू दे

वस्तुस्थिती: केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या बाबतीत हे दोन्ही पर्याय चुकीचे आहेत. त्याला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर थेट रुग्णालय गाठावं. पांढऱ्या पेशी कमी असताना बऱ्याचदा ताप हे एकच लक्षण दिसतं आणि काही तासांत संसर्ग रक्तात पसरू शकतो. पोहोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावं, असा उपचारांचा दंडक आहे. डॉक्टरांना न विचारता तापाची गोळी दिली तर ताप झाकला जातो, धोका तसाच राहतो. सिकलसेल असलेल्या मुलाचा तापही असाच तातडीने दाखवावा लागतो. सिकलसेलचा वाहक असणं मात्र वेगळं. वाहक मुलाला साध्या तापासाठी अशी वेगळी धावपळ करावी लागत नाही, आणि शाळेत जायला त्याला काहीच आडकाठी नसते.

गैरसमज ५: पाठवायचंच तर खेळ बंद करून कोपऱ्यात बसवावं

वस्तुस्थिती: दमा आटोक्यात असलेलं मूल धावू शकतं, कबड्डी खेळू शकतं. त्याचा इन्हेलर आणि स्पेसर दप्तरात हवा. ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात ठेवलेला इन्हेलर धाप लागल्यावर कामाचा नाही. सिकलसेलच्या मुलाला पाणी भरपूर प्यावं लागतं आणि लघवीलाही वारंवार जावं लागतं. "आत्ताच तर जाऊन आलास" म्हणून त्याला अडवणं म्हणजे त्याच्या वेदनांना आमंत्रण. मधुमेहाच्या मुलाची साखर ७० च्या खाली गेली, तर तास चालू असतानाही लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. फिट आलेल्या मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, तर रुग्णवाहिका बोलवायची.

हे सगळं एका कागदावर मावतं. आजार काय, रोजचं औषध काय, धोक्याची लक्षणं कोणती, पहिलं काय करायचं, फोन कुणाला करायचा. त्याची एक प्रत वर्गशिक्षकांकडे, एक पीटीच्या सरांकडे आणि एक स्कूलबसच्या ताईंकडे द्यावी.

गैरसमज ६: आजार सांगितला तर शाळा प्रवेश नाकारेल, आणि हजेरी कमी भरली तर वर्ष गेलंच

वस्तुस्थिती: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचाही समावेश आहे. सरकारमान्य शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि गरजेनुसार सोयी कराव्यात, असं हा कायदा सांगतो. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय शिक्षणहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला. टाइप १ मधुमेहाच्या मुलांना शाळेत साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळी खाऊ द्यावं, असं राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवलं आहे. सीबीएसईत बोर्डाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के हजेरी लागते, पण वैद्यकीय कारणासाठी सवलत मिळू शकते. त्यासाठी प्रत्येक रजेचा अर्ज आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र वेळच्या वेळी द्यावं लागतं. परीक्षा तोंडावर आल्यावर जुनी कागदपत्रं गोळा करताना पालकांची फार दमछाक होते.

आजाराचं नाव सगळ्या वर्गाला सांगणं बंधनकारक नाही. पण मूल तयार असेल, तर कर्करोग संसर्गजन्य नसतो आणि केस गळतात ते औषधाने, एवढं शिक्षकांनी वर्गात सांगितलं तरी बरीच कुजबुज थांबते.

घरी राहण्याचीही किंमत असते. मित्र दुरावतात, गणिताचे धडे राहून जातात आणि 'मी आजारी' एवढीच मुलाची स्वतःची ओळख उरते. ही किंमत काही वेळा मोजावीच लागते, पण ती मोजतोय याचं भान हवं. अर्धा दिवस शाळा, साथीच्या दिवसांत घरून अभ्यास, प्रार्थनेच्या गर्दीतून सूट, असे मधले मार्गही असतात. मुलालाही विचारावं, त्याला कशाची भीती वाटते आणि काय हवंय.

म्हणून प्रत्येक तपासणीला डॉक्टरांना स्पष्ट विचारा: या महिन्यात शाळा चालेल का? कोणत्या लक्षणाला घरी ठेवू, कोणत्या लक्षणाला रुग्णालयात आणू? आणि "सध्या पाठवू नका" असं उत्तर आलं, तर त्याच भेटीत पुढचा प्रश्न विचारा: "कधीपर्यंत?" घरी ठेवायचा निर्णय घ्यावा लागला, तरी तो पुन्हा तपासण्याची तारीख ठरवूनच दवाखान्यातून निघा.