भिंतीला भोक न पाडता बाल्कनीला लाकूड : भाडेकरू ग्राहकाचे काम सोडू नका

मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या शहरांत सुतारकाम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांकडे एक वेगळा ग्राहक येतो. त्याचे घर भाड्याचे असते, करार बहुधा ११ महिन्यांचा असतो आणि बाल्कनीची कळकट भिंत त्याला लाकडाने झाकून हवी असते. अट एकच, भिंतीला ड्रिल लावायचे नाही. पुष्कळ कारागीर हे काम ऐकताच परत पाठवतात. आमच्या मते ही चूक आहे.

अटीमागचे कारण समजून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि घर जसे घेतले तसे परत देण्याचे कलम अशा करारांत बहुतेक असतेच. भिंतीला भोके पडली की ग्राहकाची अनामत रक्कम अडकते. आमच्या माहितीतल्या एका कारागिराने अशाच भिंतीत बारा प्लग ठोकले. घरमालकाने अनामतीतून पैसे कापले, ग्राहकाने ते कारागिराच्या राहिलेल्या मजुरीतून वळते केले. काम चोख होते, तरी मजुरी गेली आणि ग्राहकही गेला.

लाकूड डिंकाने किंवा दुहेरी टेपने चिकटवणे हा त्यावर उपाय नाही. काढताना रंग आणि कधी पापुद्रेही निघून येतात. लाकूड भिंतीला न लावता भिंतीपुढे उभे करणे, हाच खरा उपाय आहे.

समजा, भिंत ६ फूट रुंद आहे. २ फूट रुंद व साडेसहा फूट उंच असे तीन सुटे भाग करावेत. ते जिन्यातून सहज वर जातात. मागे २ बाय १ इंचाची चौकट आणि पुढे तीन इंची, चार सूत जाडीच्या उभ्या पट्ट्या. दोन पट्ट्यांत दीड सूत फट ठेवावी, कारण पावसाळ्यात लाकूड फुगते. पट्ट्या उभ्याच घ्याव्यात. आडव्या पट्टीवर पाणी थांबते, शिवाय कठड्याजवळ लहान मुलांना चढायला शिडी मिळते. एवढ्या पट्ट्यांना सुमारे दीड घनफूट लाकूड लागते. साग घनफुटाला १८ किलो धरला तर वजन २७-२८ किलो भरेल, चौकटीचे वेगळे.

प्रत्येक भागाला पुढच्या बाजूला १४ इंचांचे पाय काढावेत व त्यावर कुंड्यांची पेटी बसवावी. मातीच्या वजनाने भाग पुढे कलंडत नाही. तिन्ही भाग एकमेकांना नट-बोल्टने जोडावेत. वर काँक्रीटचा स्लॅब असेल तर चौकटीच्या उभ्या दांड्यांच्या टोकाला फिरवून उंची वाढणारा स्क्रू-पाय लावून तो स्लॅबला टेकवावा. तो हाताने घट्ट होईल इतकाच फिरवावा. पान्याचा जोर लावल्यास प्लास्टर तडकते. फॉल्स सीलिंगला तो कधीही टेकवू नये. वरच्या मजल्यांवर वारा जास्त असतो, तेथे पेटी आणि स्क्रू-पाय दोन्ही हवेत. काळे रबर फरशीवर व रंगावर डाग पाडते, म्हणून पांढऱ्या प्लास्टिकच्या चकत्या वापराव्यात.

भिंत व लाकूड यांत एक इंच हवा खेळू द्यावी, फळ्या फरशीपासून एक इंच वर ठेवाव्यात. पाणी जाण्याची मोरी आणि एसीचे बाहेरचे यंत्र झाकू नये. भिंत मुळातच ओली असेल तर आधी घरमालकाला दाखवावे. ओल झाकून काम करू नये.

माल निवडतानाही हिशेब ठेवा. जुना साग उत्तम. लोखंडी स्क्रूमुळे त्यावर काळे डाग पडतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. स्वस्तात पॅकिंगचे पाइन चालते, पण त्यावरचा शिक्का पाहा : ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेले लाकूड, ते घ्यावे, ‘एमबी’ म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेले, ते घरात नेऊ नये. प्लाय वापरायचा झाल्यास आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्यावा. वार्निशचा थर उन्हात सुटतो; त्याऐवजी अळशीचे तेल द्यावे, फळ्यांच्या टोकांना दोनदा, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पुन्हा.

काम सुरू करण्यापूर्वी भिंतीचे फोटो काढून ग्राहकाला द्या. दर सांगताना लाकूड, सामान, मजुरी, वाहतूक व पुढे काम उतरवण्याचा आकार वेगवेगळा लिहा. भागांच्या पाठीमागे क्रमांक टाका.

हा शेवटचा मुद्दा धंद्याचा आहे. हे लाकूड घरमालकाचे होत नाही, ग्राहकाचेच राहते. तो घर बदलेल तेव्हा काम उतरवायला, नव्या बाल्कनीच्या मापात बसवायला तुम्हालाच बोलावील. मराठीतला ‘अनामत’ हा शब्द ‘अमानत’वरूनच आला आहे. ग्राहकाने घरमालकाकडे ठेवलेली रक्कम जशी अमानत, तशीच त्याला राहायला मिळालेली ती भिंतही. ती जशीच्या तशी परत गेली, तर त्या ग्राहकाच्या पुढच्या घराचे काम तुमचेच आहे.