लष्करी अधिकारी होण्याच्या वाटा

१९९९ च्या कारगिल युद्धात ३ जुलै रोजी खालुबारच्या चढाईत कॅप्टन मनोजकुमार पांडे यांना वीरमरण आले. चारच दिवसांनी, ७ जुलैला, कॅप्टन विक्रम बात्रा यांनी ४८७५ क्रमांकाच्या शिखरावर प्राणार्पण केले. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. पांडे बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले होते. बात्रा मात्र चंदिगडला विज्ञानाची पदवी घेऊन नंतर सैन्याकडे वळले. वाटा दोन, कर्तव्य एकच. मग तुमच्यापैकी ज्यांना अधिकारी व्हावेसे वाटते, त्यांनी कोणती वाट धरावी?

प्रथम प्रबोधिनीचा विचार करू. तिची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी बसवली. भूदल, नौदल व वायुदल या तिन्ही दलांचे छात्र येथे तीन वर्षे एकत्र राहतात. प्रवेशाचे वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो व तीत गणित सर्वांना सक्तीचे असते. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल व वायुदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. पहाटेची कवायत, मग वर्ग, मग मैदान असा दिवस पुरा भरलेला असतो. शेवटी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. त्यानंतर भूदलाचे छात्र डेहराडूनला, नौदलाचे केरळात एळिमला येथे आणि वायुदलाचे हैदराबादजवळ डुंडिगलला पुढील शिक्षणासाठी जातात. अवकाशात गेलेले राकेश शर्मा व शुभांशु शुक्ला हे दोघेही प्रबोधिनीचेच छात्र. २०२२ पासून येथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आणि पहिल्या सतरा मुली मे २०२५ मध्ये संचलन करून बाहेर पडल्या.

दुसरी वाट पदवीनंतरची. संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास डेहराडूनच्या भारतीय लष्करी अकादमीत सुमारे दीड वर्ष प्रशिक्षण मिळते. ही अकादमी १९३२ मध्ये सुरू झाली व सॅम माणेकशा तिच्या पहिल्या तुकडीत होते. चेन्नईच्या अकादमीत ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण असते. तेथून मिळणारी नेमणूक प्रथम दहा वर्षांची असते. येथे १९९२ पासून स्त्रियाही प्रशिक्षण घेत आहेत. तिसरी वाट बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेणाऱ्यांची: अभियांत्रिकीची पदवी आणि सैनिकी शिक्षण दोन्ही सैन्यातच. चौथी वाट जवानांसाठी आहे. सेवेत असतानाच अभ्यास करून निवडलेला जवान डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजात येतो व अधिकारी होतो.

वाटा निराळ्या असल्या तरी चाळणी एकच आहे. प्रत्येकाला सेवा निवड मंडळापुढे जावेच लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये घडलेली ही पद्धत मानसशास्त्रावर आधारलेली आहे. साठ शब्द एकामागून एक दाखवतात; प्रत्येकी पंधरा सेकंदांत मनात आलेले वाक्य लिहायचे. इतक्या घाईत पाठ केलेली उत्तरे फारशी उपयोगी पडत नाहीत, मनाचा खरा कल दिसतो. मैदानावर फळ्या, दोर व पिंपे देऊन गटाला अडथळे ओलांडायला सांगतात. कोण ओरडतो, कोण ऐकतो आणि कोण तोडगा काढतो, हे परीक्षक पाहतात.

आता तराजू हाती घ्या. प्रबोधिनीच्या पारड्यात कोवळ्या वयात लागणारी शिस्त, तिन्ही दलांतील जन्माची मैत्री आणि सरकारी खर्चाने शिक्षण आहे. या वयात हाडे अजून बळकट होत असतात, त्यामुळे योग्य व्यायामाचा लाभ मोठा होतो. पण दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय पुढे बोचू शकतो. सवय नसता एकाएकी भार वाढला तर पायाच्या हाडांना बारीक तडे जातात. गंभीर दुखापतीमुळे एखाद्याला प्रशिक्षण अर्धवट सोडावे लागते, तेव्हा प्रबोधिनीच्या छात्राच्या हाती बहुधा बारावीचेच प्रमाणपत्र असते. पदवी घेऊन आलेल्याकडे निदान दुसरा आधार असतो. अशा अपंगत्व आलेल्या छात्रांच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानात येईल.

म्हणून मन ठाम असेल, तर प्रबोधिनीचा प्रयत्न जरूर करा. छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून याच तयारीसाठी आहे. मन डळमळत असेल, तर तीन वर्षे महाविद्यालयात घालवणे म्हणजे संधी दवडणे नव्हे. दार पदवीनंतरही उघडे असते. बारावीनंतर अपयश आले, तरी तेच दार पुन्हा ठोठावता येते.

दोन्ही वाटांची तयारी मात्र आजपासून सारखीच. गणित सोडू नका, रोज थोडे थोडे धावणे वाढवा, वर्तमानपत्र वाचा आणि चार जणांत मिसळून काम करायला शिका. ही शिदोरी सैन्यात न गेलेल्यालाही पुरते.