शरदांतील शिवार, पांखरें आणि छायाचित्र

हस्त नक्षत्र सरत आलें म्हणजे देशावरील शिवारास जी शोभा येते ती वर्षांतून एकदांच. धूळ बसलेली असते, आकाश धुऊन काढल्याप्रमाणें निळें दिसतें, कारळ्याचीं शेतें पिवळीं होतात आणि माळावरील पवन्या व कुसळी गवत सोनेरी रंगावर येतें. हीच वेळ रब्बी ज्वारीच्या पेरणीची. त्यामुळें हा देखावा पाहण्यास शेतकऱ्यास बहुधा सवड नसते. तथापि या दिवसांत थोडा वेळ काढून आपल्या शिवाराचीं व तेथील पांखरांचीं छायाचित्रें प्रत्येकानें घ्यावींत, अशी वाचकांस विनंती आहे. त्यासाठीं दूरच्या अरण्यांत जाण्याचें कारण नाहीं. आपला बांध, विहीर आणि माळ एवढें क्षेत्र पुरेसें आहे.

साधन म्हणाल तर तें पुष्कळांच्या खिशांतच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली आणि खातेदार स्वतः मोबाईलवर पिकाचें छायाचित्र घेऊन नोंदवूं लागला. ज्या हातास पिकाचें चित्र घेतां येतें, त्यास पिकावरील पांखराचें कां येऊं नये? देखाव्यासाठीं मोबाईल पुरतो. पांखरांसाठीं मात्र ३०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब भिंगाचा कॅमेरा उत्तम. तो नसल्यास दुर्बिणीच्या नळीस मोबाईल लावूनही ओळख पटण्याजोगें चित्र मिळतें.

आतां काय टिपावें तें पाहूं. तारेवर बसलेला नीळकंठ दसऱ्यास शुभ मानतात. तो टोळ व भुंगेरे खाऊन वर्षभर आपलें कामही करीत असतो. उडतांना त्याच्या पंखांचा निळा रंग उघडा पडतो, तोच क्षण साधावा. गुरांच्या पाठीवर कोतवाल आणि नांगरामागें गायबगळे असतातच. विणीच्या दिवसांत गायबगळ्यांच्या मानेवर आलेला भगवा रंग जाऊन ते आतां शुभ्र झालेले असतात. विहिरीवर झुकलेल्या बाभळीस सुगरणीचे खोपे लोंबत असतात. उत्तरेकडून धोबी येतात, भोरड्यांचे थवे येतात आणि मध्य आशियांतून भोवत्या येऊन गवतावरून अगदीं खालून घिरट्या घालूं लागतो. भोरड्या पुढें ज्वारीच्या कणसांवर पडतात हें खरें; पण त्याच टोळही फस्त करितात.

रीत अशी. सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास व सूर्यास्तापूर्वींचा एक तास उत्तम. दुपारच्या उन्हांत रंग फिके येतात. सूर्य आपल्या पाठीशीं असावा. पांखराकडे सरळ चालत जाऊं नये, तिरकें जावें व मधून मधून थांबावें. बैलगाडीस किंवा चालत्या ट्रॅक्टरास पांखरें माणसाइतकीं भीत नाहींत, म्हणून गाडी हीच आपली लपण. शक्य तों खालीं बसून पांखराच्या डोळ्याच्या उंचीवरून चित्र घ्यावें व डोळा स्पष्ट यावा. उडत्या पांखरास सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी गति ठेवावी. खोप्याजवळ मात्र जाऊं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांची वा घरट्यांची नासधूस हीही शिकारच गणली जाते.

महसुली दप्तरांत आयुष्य गेलेल्या माणसाची आणखी एक सूचना. प्रत्येक चित्रास तारीख, वेळ, गांव, गट नंबर व उभें पीक लिहून ठेवावें. गांव नमुना बारामध्यें पीक लिहिलें जातें; परंतु त्या पिकावरील कीड वेचणारें पांखरूं कोणत्याच नमुन्यांत येत नाहीं. ज्या माळावर भोवत्या रात्रीं गवतांत वस्तीस असतो, तो माळ दप्तरीं पडीक किंवा पोटखराब एवढ्या एका शब्दानें संपतो. कागदावर जें निरुपयोगी ठरलें तें नांगरलें गेलें, तरी कोणास हळहळ वाटत नाहीं.

सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. माळढोकासाठीं १९७९ सालीं तेथें अभयारण्य झालें. तरीही तो पक्षी आज महाराष्ट्रांत अत्यंत दुर्मिळ झाला आहे. आपल्या आजोबांच्या वेळीं आपल्याच गांवचा माळ कसा होता, हें दाखविणारें एक तरी चित्र किती घरांत सांपडेल?

म्हणून एक नेम करावा. दरवर्षीं दसऱ्याच्या सुमारास त्याच बांधावर, त्याच जागीं उभें राहून त्याच दिशेचें एक चित्र घ्यावें, आणि त्या आठवड्यांत दिसलेल्या पांखरांचीं जमतील तितकीं. दहा वर्षांचीं दहा चित्रें ओळीनें मांडलीं म्हणजे गवत किती हटलें, कोणतें झाड गेलें, कोणतें पांखरूं येईनासें झालें, हें मुलांसही कळेल. माळ मोडावा कीं राखावा, याचा निर्णय गांवानें तीं चित्रें समोर ठेवून करावा.