इंजिन खोललं की गाडी गेली?

जुनी मोटारसायकल विकायला काढली की गिऱ्हाईक रंग नंतर बघतं, टायर नंतर दाबून पाहतं. किक मारायच्या आधीच त्याचा प्रश्न ठरलेला असतो: "इंजिन काम झालंय का?" झालंय म्हटलं की तोंड वाकडं, भाव खाली. 'हात लावलेला नाही, कंपनी फिटिंग आहे' म्हटलं की चेहरा खुलतो, मग ते इंजिन गल्लीभर धूर सोडत का असेना.

नगरजवळच्या नागापुरात हे वाक्य ऐकलं की हसावं का चिडावं तेच कळत नाही. गावाला लागून एमआयडीसी आहे. तिथल्या इंजिनीअरिंग कारखान्यांत आठ-आठ तास मायक्रोमीटर हातात धरून मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारी माणसं याच गल्ल्यांत राहतात. माप चुकलं की जॉब रिजेक्ट, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. तीच माणसं घरी आल्यावर छातीठोकपणे सांगतात, की इंजिन एकदा खोललं की पहिल्यासारखं होत नाही. जणू कंपनीत ते इंजिन झाडाला लागलं होतं.

असं एक घर डोळ्यांसमोर आणावं. दिवाळीची सुट्टी, अंगणात ताडपत्रीखालून काढलेली आजोबांची यामाहा आरएक्स १००. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत, वडिलांच्या हातात रिंग पाना. हेडचा पहिला नट ढिला होतो न होतो तोच चहाचा कप घेऊन शेजारी हजर: "भाऊ, बाकी काय करायचं ते करा, पण इंजिनाला हात लावू नका. नंतर पस्तावाल."

भाऊंनी पस्तावायचं काही कारण नाही. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. तिच्या सिलिंडरचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर. दहावीच्या भूमितीत 'महत्त्वमापन' नावाचा धडा आहे. त्यातलं वृत्तचितीचं सूत्र लावलं तर ३.१४ गुणिले २.५ चा वर्ग गुणिले ५, म्हणजे ९८.१ घन सेंटिमीटर. गाडीच्या नावात १०० आणि हिशेबात ९८ का, हा प्रश्न मुलीने विचारला तर धडा पक्का झाला असं समजावं.

आता मुद्द्याचं. या गाडीसाठी दुकानात जे पिस्टन मिळतात ते फक्त ५० मिलिमीटरचे नसतात. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर जास्तीचेही मिळतात. त्यांना ओव्हरसाइज म्हणतात. बोअर झिजला की ब्लॉक बोरिंगवाल्याकडे न्यायचा, तो पुढच्या मापाला वाढवून घ्यायचा, त्या मापाचा पिस्टन आणि रिंगा घालायच्या. ०.५० च्या पिस्टनवर तेच इंजिन हिशेबाने १०० सीसीच्या किंचित पुढे जातं. इंजिन उघडायचंच नसतं, तर हे वाढीव मापाचे पिस्टन कोणासाठी आणि कशासाठी बनतात? टू-स्ट्रोक गाड्यांच्या जुन्या पुस्तिकांत तर हेड काढून साचलेला कोळसा खरवडणं हे नेहमीच्या देखभालीतच धरलेलं असे.

यावरही समाधान होत नसेल तर थोडं वर आकाशात पाहावं. वैमानिक शिकवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ विमानातल्या लायकमिंग इंजिनाला कंपनीनेच २,००० तासांनंतर संपूर्ण ओव्हरहॉल सांगितलेलं आहे. उघडलेलं, मोजलेलं, झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवलेलं इंजिन घेऊन माणसं हवेत जातात. खाली जमिनीवर, खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपमध्ये लष्कराची बीएमपी चिलखती वाहनं पार सुटी करून नव्याने उभी केली जातात. रणगाड्यांचं प्रशिक्षण ज्या शहरात चालतं त्या नगरकरांना तरी हे वेगळं सांगायला नको. 'आता हे पहिल्यासारखं होणार नाही' म्हणून तिथे कोणी कपाळाला हात लावून बसत नाही.

मग शेजाऱ्याचा अनुभव खोटा का? नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. इंजिन खोलल्यावर महिन्याभरात जाम झालेल्या गाड्या त्याने खरंच पाहिलेल्या असतात. त्याचं निदान तेवढं चुकतं.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराची ऑइल सील असतात. किंमत किरकोळ, पण क्रँककेसमधला दाब त्यांच्यावरच टिकतो. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत हे रबर कडक होतं. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं की तिथून फुकटची हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि बोअरला धरतो. क्लचच्या बाजूचं गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून पांढरा धूर काढतं. घाईचा मिस्त्री वरून पिस्टन-रिंगा बदलतो आणि सील तशीच ठेवतो, कारण ती बदलायची तर आख्खं काम करावं लागतं. नवा पिस्टन पंधरा दिवसांत जाम. खापर कशावर फुटतं? 'खोललं ना!' खरं तर ते पुरतं खोललं नाही म्हणून हे झालं.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगेच्या खाचेत टाचणीच्या डोक्याएवढी एक खुंटी असते. रिंगेची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना बसली पाहिजेत, म्हणजे रिंग फिरत नाही आणि टोक पोर्टमध्ये अडकत नाही. हे न पाहता ब्लॉक वरून दाबला की रिंग मोडते. गजन पिनेचं लॉक जुनंच परत वापरलं तर ते कधीतरी निसटतं आणि बोअरवर नांगर फिरवतं. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला असावा लागतो. मॅग्नेटो पुलरने काढायचा असतो, छिन्नी-हातोड्याने नाही. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे असतात. यातलं एकही काम अवघड नाही. वेळ मात्र लागतो. दुपारी दोनला गाडी घेऊन सहाला परत द्यायची घाई असते तिथे नेमका तोच नसतो. घरच्या अंगणात आख्खी सुट्टी असते.

मुलांचा उपयोग इथे होतो, आणि तो 'जरा पाना दे रे' एवढाच नाही. रिंगेचं अंतर मोजायचं असतं तेव्हा रिंग नुसतीच बोअरमध्ये सरकवतात, पिस्टनने ढकलून सरळ करतात आणि तिच्या दोन टोकांच्या फटीत फीलर गेजची पाती घालून पाहतात. ०.१५ ची सहज गेली, ०.२० ची अडली, ही नोंद वहीत. लहान बोटांना हे मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं. सहावीतल्या मुलाकडे अंड्यांचा ट्रे: प्रत्येक खळग्यात एका जागचे नट-वॉशर, वर चिकटपट्टीवर नंबर. मुलीकडे मोबाइल: सुटा करण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो, त्यालाही तोच नंबर. बोरिंग मात्र घरी होत नाही. ते मशीनवरच करून घ्यायचं. पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. तिथे अंदाजपंचे चालत नाही.

'मुलं काय करणार, पसाराच घालणार' हा उपगैरसमज वरच्या ट्रेनेच निकालात निघतो. मुलांना जपायचं ते वेगळ्याच गोष्टींपासून, आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. पेट्रोलने हात आणि पार्ट धुणं बंद. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते. अंगणातून देवघरातल्या समईपर्यंत किंवा गॅस गिझरपर्यंत पोचायला तिला आमंत्रण लागत नाही. धुवायला रॉकेल किंवा डिग्रीझर, तेही उघड्यावर. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आणि भारतात शिशाचं पेट्रोल फेब्रुवारी २००० मध्ये पूर्ण बंद झालं, म्हणजे त्याआधी धावलेल्या इंजिनाच्या कोळशात शिसं असू शकतं. तो खरवडायचं काम वडिलांनी करावं, भिजवून.

बाकीच्या समजुती भराभर. 'टू-टी ऑइल जास्त टाकलं की इंजिन जास्त टिकतं': नाही, प्लग काळा होतो आणि सायलेन्सर चोंदतो. 'जुन्या गाडीला शिशाचंच पेट्रोल लागतं': शिशाचा आधार व्हॉल्वच्या सीटला होता, आरएक्सला तसे व्हॉल्वच नाहीत. 'टू-स्ट्रोकला पीयूसी मिळत नाही': मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींसाठी नियमांत वेगळी मर्यादा आहे, कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत; नीट जुळवलेलं इंजिन त्यात बसू शकतं. 'इथेनॉलने जुन्या गाड्या मरतात': अर्धसत्य. रबरी नळ्या आणि पॅकिंग लवकर जातात, काही जुन्या वाहनांत ती बदलावी लागतील हे २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलं. तेव्हा इंजिन खोललंच आहे तर कार्बोरेटरची रबरं आणि पेट्रोलची नळीही नवी घालावी, आणि गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवू नये. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलवर एवढं चिडूनही चालत नाही.

एक समज मात्र एका ओळीत संपत नाही: 'पंधरा वर्षं झाली, आता ही भंगारातच.' ही दिल्लीची बातमी नगरला येईपर्यंत नगरची झाली. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१४ चा आदेश आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केलेलं शिक्कामोर्तब दिल्ली आणि राजधानी परिसरापुरतं होतं. त्यात एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी थांबली, ती बातमीही यात मिसळली. खासगी मोटारसायकलीची नोंदणी मोटार वाहन कायद्याप्रमाणे पंधरा वर्षांची असते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढते. अर्ज नमुना २५ मध्ये. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारसायकलीच्या नूतनीकरणाचं शुल्क २,००० रुपये ठरवलं. बंदी असलेल्या वस्तूचं शुल्क कोणी ठरवत नाही. राज्याचा पर्यावरण कर आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट हे खर्च वेगळे. आणि रंगारी कितीही हौशी असला तरी इंजिन नंबर आणि चासी नंबरावर पॉलिश पेपर फिरवू द्यायचा नाही. तपासणीला तेच वाचले जातात.

राहिली शेवटची, मिस्त्रीलोकांची लाडकी समजूत: 'इंजिन जुळवलं की दोन-चार नट उरतातच, काही होत नाही.' अंगणात सगळं बसवून झालेलं असतं, शेजारी दुसऱ्यांदा चहा घेऊन आलेला असतो, किक मारायला वडील पाय उचलतात आणि सहावीतला मुलगा अंड्यांचा ट्रे पुढे करतो. एका खळग्यात एक तांब्याचा वॉशर. वडील म्हणतात, "जुना असेल." मुलगी काही बोलत नाही. पट्टीवरचा नंबर वाचते, मोबाइलवर त्याच नंबराचा फोटो शोधते आणि गिअरबॉक्सच्या ड्रेन बोल्टकडे बोट दाखवते. वडील पाय खाली घेतात, घमेलं मागवतात आणि पुन्हा पाना उचलतात.