लाम्बिक बिअरचा आस्वाद : आंबटपणाची पारख

प्रस्तावना

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ साली एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढविलेले शुद्ध किण्व तयार केले आणि बिअरनिर्मितीचे स्वरूप पालटले. किण्व शुद्ध झाले, उत्पादन एकसारखे झाले आणि बिअर आंबट होणे म्हणजे बिघडणे हे समीकरण पक्के होत गेले. बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स आणि तिच्या नैऋत्येकडील पायोटेनलँड या परिसरात मात्र हे समीकरण न मानणारी एक परंपरा टिकून राहिली. तेथील 'लाम्बिक' ही बिअर बाहेरून किण्व न घालता, हवेतील व लाकडातील सूक्ष्मजीवांच्या भरवशावर आंबवली जाते आणि लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षे मुरवली जाते.

प्रस्तुत लेखात या बिअरच्या आस्वादाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. येथे आस्वाद हा केवळ आवडीनिवडीचा विषय नाही. कोणते पिंप राखावे, कोणते कशात मिसळावे आणि कोणते ओतून द्यावे हे अखेर जिभेवरच ठरते. ती पारख असणारे लोक कमी झाले तेव्हा ही बिअरही लोप पावण्याच्या बेतात आली होती.

रात्रीची हवा आणि जुने पिंप

लाम्बिकसाठी माल्ट केलेल्या सातूबरोबर साधारण एकतृतीयांश कच्चा गहू घेतात. हॉप्स मुद्दाम जुने, दोन-तीन वर्षे ठेवलेले असतात. त्यांचा कडूपणा ओसरलेला असतो, पण जीवाणूंना आवर घालण्याची शक्ती बरीचशी शिल्लक असते. उकळलेला गोड काढा थंडीच्या दिवसांत छपराखालील पसरट, उथळ कुंडात रात्रभर उघडा ठेवतात आणि सकाळी पिंपांत भरतात. आंदरलेख्त येथील कांतियों या १९०० साली स्थापन झालेल्या ब्रुअरीत हे तांब्याचे कुंड आजही वापरात आहे. १९७८ पासून तेथेच ग्यूझ बिअरचे संग्रहालयही चालते.

पिंपात सूक्ष्मजीवांच्या पाळ्या लागतात. पहिल्या काही आठवड्यांत आतड्यांतील जीवाणूंच्या कुळातील मंडळी काम करतात. नंतर सॅकरोमायसिस हे बिअरचे नेहमीचे किण्व बहुतेक साखरेचा मद्यार्क करते. उन्हाळ्याच्या सुमारास पेडिओकॉकस हा जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करू लागतो. या काळात बिअर कधीकधी बुळबुळीत होते. शिळ्या वरणाला तार सुटावी तशी तिलाही तार सुटते. अनुभवी कारागीर तिला 'आजारी' म्हणतात आणि हात न लावता वाट पाहतात. पुढे ब्रेटॅनोमायसिस हे संथ किण्व ती तार मोडते, इतर किण्वांना न पचणाऱ्या शर्करा खाते आणि बिअर अगदी कोरडी, म्हणजे जवळजवळ साखरविरहित करते.

पिंपाविषयी एक गैरसमज आढळतो. व्हिस्कीप्रमाणे ओकची चव बिअरमध्ये उतरावी, असा येथे हेतू नसतो. पिंपे बहुधा पूर्वी वाइनसाठी वापरलेली असतात आणि त्यांचा स्वतःचा स्वाद निघून गेलेला असतो. त्यांचे महत्त्व दोन गोष्टींत आहे. लाकडाच्या रंध्रांत सूक्ष्मजीव वस्ती करून राहतात आणि त्याच रंध्रांतून प्राणवायू अगदी थेंबाथेंबाने आत येतो. पृष्ठभागावर किण्वाचा पापुद्रा धरतो. लोणच्यावरील तेलाचा थर जे काम करतो, तेच काम हा पापुद्रा बिअरवर करतो.

आंबटपणाचे प्रकार

लाम्बिकचा पहिला घोट घेणारा बहुधा 'आंबट' एवढेच म्हणून थांबतो. आस्वादाचे शिक्षण या शब्दाची फोड करण्यापासून सुरू होते. मराठी स्वयंपाकघरात ही फोड नकळत झालेलीच असते. ताकाचा, लिंबाचा, चिंचेचा आणि शिरक्याचा आंबटपणा कोणतीही गृहिणी डोळे मिटून ओळखील. ताकातील लॅक्टिक आम्ल जिभेवर गोलसर, रेंगाळणारे असते. शिरक्यातील ॲसिटिक आम्ल बाष्पशील असल्याने आधी नाकात शिरते आणि मग घशाशी झोंबते. लाम्बिकमध्ये मुख्य भार लॅक्टिक आम्लाचा असावा आणि ॲसिटिक आम्लाने केवळ धार द्यावी, अशी अपेक्षा असते. गोव्यात माडाच्या सुरेपासून शिर्का होतो त्यात जी रासायनिक क्रिया घडते, तीच हवा जास्त लागलेल्या पिंपात घडते. फरक एवढाच की तेथे ती हवी असते आणि येथे मर्यादेत हवी असते.

ही मर्यादा सर्वत्र सारखी नाही. पश्चिम फ्लांडर्समधील रूसेलारे येथे १८२१ पासून असलेली रोडेनबाख ब्रुअरी ओकच्या अवाढव्य उभ्या पिंपांत तांबूस बिअर सुमारे दोन वर्षे मुरवून ती ताज्या बिअरमध्ये मिसळते. तिच्यात माल्टचा गोडवा असल्याने शिरक्याची छटा खपते, नव्हे शोभते. तीच छटा कोरड्या लाम्बिकमध्ये बोचेल. म्हणून एका प्रकारचा निकष दुसऱ्याला लावणे हे परीक्षणातील सर्वांत सामान्य अज्ञान म्हणावे लागेल.

ओल्या घोंगडीचा वास

ब्रेटॅनोमायसिसचा इतिहास मोठा बोलका आहे. कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेन यांनी १९०४ साली त्याचे वर्णन केले, ते इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरचा खास गुण या किण्वामुळे येतो हे दाखविण्यासाठी. नावाचा अर्थही 'ब्रिटिश बुरशी' असाच आहे. पुढे तेच किण्व वाइन आणि बिअर उद्योगात नासाडी करणारे म्हणून बदनाम झाले.

त्याने निर्माण केलेल्या फिनॉलवर्गीय संयुगांमुळे गोठा, चामडे, घोड्यावरील घोंगडी, लवंग, धूर असे वास येतात. ही विशेषणे ऐकून नाक मुरडणे स्वाभाविक आहे. परंतु हे वास एकटे येत नाहीत. त्यांच्यासोबत एस्टरवर्गीय संयुगांतून पपनस, जर्दाळू, हिरवे सफरचंद यांचे गंध येतात आणि वाळलेल्या गवताचा कोरडेपणाही येतो. मुरलेल्या गाण्यातील खर्जाप्रमाणे गोठ्याचा वास तळाशी राहावा. तो वर आला की बिअर ओबडधोबड लागते.

चव घेण्याची रीत

तीन वर्षे मुरलेली, दोन वर्षांची आणि एक वर्षाची लाम्बिक एकत्र करून बाटलीत भरली की तिला 'ग्यूझ' म्हणतात. कोवळ्या लाम्बिकमधील उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस देते, तर जुनी लाम्बिक खोली देते. आंबट चेरी घालून मुरवलेली ती 'क्रीक'. तिच्यात चेरीच्या बियांमुळे बदामाचा पुसट गंध येतो. न मिसळलेली लाम्बिक मात्र जवळजवळ फेसरहित असते. हे ठाऊक नसेल तर ती 'मेलेली' वाटते.

बिअर बर्फगार नसावी. १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान योग्य. फार थंडीत गंध बंद होतात आणि केवळ आम्ल जाणवते. बाटली हलवू नये, कारण तळाशी गाळ असतो. पेला तोंडाशी किंचित आवळलेला असावा. प्रथम न हलवता, मग पेला फिरवून वास घ्यावा. पहिल्या घोटावरून मत बनवू नये. तो घोट केवळ तोंडाला आम्लाची सवय लावतो. दुसऱ्या घोटात आम्लाचा प्रकार, फेसाचा बारीकपणा व लाकडाचा आणि गव्हाचा तुरटपणा पाहावा. नंतर गिळून थांबावे. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. काही जीवाणू व किण्वांमुळे तयार होणारा, उंदराच्या पिंजऱ्यासारखा एक दोष आम्लयुक्त द्रवात नाकाला जाणवत नाही. लाळेने तोंडातील आम्लता उतरल्यावरच, काही क्षणांनी तो उमटतो. काहींना तो मुळीच जाणवत नाही, म्हणून परीक्षण एकट्याने करू नये.

नखांवरील रंग उतरविण्याच्या द्रवासारखा वास आला तर इथाइल ॲसिटेट वाढलेले असते. ओकारीसारखा वास ब्युटिरिक आम्लाचा. तार किंवा लोण्याचा वास असेल तर बिअर बहुधा अपुरी मुरलेली असते. तिला दोषी न ठरवता वेळ द्यावा. गोठा आणि उंदीर यांत एक गुण व दुसरा दोष का, याचे उत्तर केवळ रसायनशास्त्रात मिळत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या एकत्र बसून चव घेणाऱ्यांच्या सहमतीत आहे.

नाव आणि चव

ही सहमती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ढासळली. ग्राहकांची जीभ गोड पेयांना सरावली आणि गाळलेली, पाश्चरीकृत, गोड केलेली ग्यूझ त्याच नावाने विकली जाऊ लागली. परंपरेला गोडाचे वावडे होते असे नाही. खडीसाखर घातलेली 'फारो' हा जुनाच प्रकार. पण फारो स्वतःच्या नावाने ओळखली जात असे. एकाच नावाखाली दोन चवी आल्या तेव्हा आंबट चव ही 'बिघडलेली' ठरू लागली आणि अनेक लहान ब्रुअऱ्या व मिश्रणकार बंद पडले.

१९९७ साली पारंपरिक उत्पादकांनी 'होराल' ही संघटना स्थापन केली. त्याच वर्षी 'आउडे ग्यूझ', म्हणजे जुनी ग्यूझ, या नावाला युरोपीय संघाच्या नियमांनी संरक्षण मिळाले. मिश्रणाचे सरासरी वय किमान एक वर्ष आणि सर्वांत जुना घटक लाकडात तीन वर्षे मुरलेला असावा, ही अट त्यात आहे. कायदा वय मोजू शकतो. मिश्रण साधले की नाही हे मिश्रणकारालाच चाखून ठरवावे लागते. तो पिंपापिंपांतून नमुने घेतो तेव्हा आज काय आहे एवढेच पाहत नाही, तर बाटलीत वर्षभराने काय होईल याचा अंदाज बांधतो.

या कामात किती काही पणाला लागलेले असते याचे उदाहरण बेर्सेल येथील 'ड्री फोन्टेनेन' हे आहे. २००९ साली तेथे तापमान-नियंत्रक बिघडून कोठार तापले आणि ग्यूझच्या हजारो बाटल्या फुटल्या वा निकामी झाल्या. उरलेल्या बिअरमधून आर्मांद डेबेल्डर यांनी मद्यार्क गाळून घेतला व व्यवसाय सावरला. दुसरे संकट अधिक संथ आहे. काढा निवण्यासाठी थंड रात्री लागतात आणि त्या कमी होत आहेत. २०१५ च्या नोव्हेंबरात रात्री उबदार राहिल्याने कांतियोंला काही घाणे ओतून देऊन उत्पादन थांबवावे लागले. ज्या हिवाळ्यात घाणे कमी निघतात, त्या हिवाळ्याची उणीव तीन वर्षांनी, जुनी लाम्बिक मिसळायला घेताना, मिश्रणकाराच्या पेल्यात दिसते.