सालारजंगांचा खजिना आणि आपल्या पेटीतले कागद

बचत गटाची वही नीट ठेवा, असं मी दर महिन्याला सांगते. आज घरातल्या जुन्या कागदांबद्दल बोलू. त्यासाठी हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात एक चक्कर मारून येऊ. हैदराबाद आपल्याला परकं नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जालना, अंबड, परतूर, भोकरदन हा सगळा भाग निजामाच्याच राज्यात होता.

सालारजंग हा किताब. एकाच घरातले आजोबा, मुलगा आणि नातू हे तिघेही निजामाचे दिवाण झाले. आजोबांनी १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षं कारभार पाहिला. राज्याची जिल्हाबंदी त्यांच्याच काळात, १८६५ मध्ये झाली. नातू म्हणजे मीर युसूफ अली खान. त्यांनी १९१४ मध्ये दिवाणपद सोडलं आणि उरलेलं आयुष्य वस्तू जमवण्यात घालवलं. मूर्ती, घड्याळं, हस्तिदंती काम, चित्रं, भरजरी कापड, पुस्तकं, काय नाही त्यात!

२ मार्च १९४९ रोजी ते वारले. लग्न केलेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. त्यांच्याच वाड्यात, दिवाण देवडीत, १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडलं. लोक बघायला येऊ लागले, पण वस्तू कोणाच्या हे पक्कं झालं नव्हतं. शेवटी वारसांनी तडजोडीने हा संग्रह सरकारला दिला आणि २६ डिसेंबर १९५८ रोजी उच्च न्यायालयाने ती तडजोड मान्य केली. १९६१ मध्ये संसदेने संग्रहालयासाठी कायदा केला. १९६८ मध्ये ते मुसी नदीकाठच्या आताच्या इमारतीत आलं. बघा, वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या, तरी मालकी कागदावर यायला जवळजवळ दहा वर्षं गेली.

तिथे गर्दी असते ती वाजणाऱ्या घड्याळापाशी. पण त्याच संग्रहालयात अरबी, फारसी, उर्दू अशी आठ हजारांहून जास्त हस्तलिखितंही जपून ठेवली आहेत. संग्रहालयात आलेल्या प्रत्येक वस्तूला नंबर देतात आणि ती काय आहे, कुठून आली, कधी आली हे नोंदवहीत लिहितात. ही नोंद हरवली की वस्तू मुकी होते. जुन्या कागदांचं दप्तर लागतं ते यासाठीच.

याची किंमत आपल्या जिल्ह्याला चांगली माहीत आहे. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला शासनाने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. शेताची वाटणी असो, जातीचा दाखला असो की वारसनोंद, जुना कागद लागतोच. आणि नवरा गेल्यावर तो शोधत फिरावं लागतं बाईलाच.

म्हणून एवढं करा. पेटीतले कागद एकदा बाहेर काढा: खरेदीखत, जुना सातबारा, खासरा पाहणी पत्रक, शाळेचा दाखला. एका वहीत नंबर घालून यादी करा. कागद कशाचा, कोणाच्या नावाचा, कोणत्या सालचा, एवढंच लिहा. निजामकाळच्या कागदावर फसली साल असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी साल साधारण कळतं, म्हणजे फसली १३५० हे १९४० च्या आसपासचं. वाचता येत नाही म्हणून मोडी किंवा उर्दू कागद चुलीत घालू नका.

जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही लावू नका. दोन्हींनी कागद खराब होतो आणि पुन्हा सुटत नाही. घडी उलगडून, कोरड्या जागी, सुती कापडात ठेवा. मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे तरी ठेवा. आणि पेटी कुठे आहे, किल्ली कुठे आहे, हे लेकीला आणि सुनेला दोघींना माहीत असू द्या.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. प्रत्येकीने यादीची वही आणायची, आणि जिला लिहिता येत नाही तिची यादी शेजारच्या ताईने लिहून द्यायची.